दादाचा राहिलेला बोर्ड

...आणि वर म्हणायचा काय, तर सोपं असतं! अहो, कसलं सोपं? हे बोट बघा. नाही, जवळून बघा, लाजू नका. हा डाग दिसतोय? पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, तपकिरी म्हणावा तर तपकिरी नाही, न धुतलेल्या चहाच्या कपाच्या बुडाशी असतो तसला. साबण झाला, लिंबू झालं, आमच्या टायरच्या दुकानात ग्रीस काढायला वाळूसारखी पेस्ट असते ती झाली. कातडी सोलून निघाली, पण डाग जागचा हलला नाही! आणि हा पडला कशाने? तर माझ्या दादाचा एक बोर्ड राहिला होता, तो पुरा करायला गेलो. तुम्हाला सांगतो, दुसऱ्याचं अर्धं काम पुरं करायला जाऊ नये माणसाने. त्यातून ज्याचं काम आहे तोच विचारायला शिल्लक नसेल, तर अजिबात जाऊ नये.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा काय बरळतोय. तुमच्या हातून कधी रिमोट पडून फुटलाय? फुटलाच असेल. आत ती हिरवी पाटी असते बघा, तांब्याच्या रेघारेघांची, त्यावर बारीकसारीक किडे चिकटवल्यासारखे भाग. तिला पीसीबी म्हणतात, दादा नुसतं बोर्ड म्हणायचा. मोठाल्या कारखान्यात बनते ती, पांढरे कोट घातलेली माणसं बनवतात. आणि आमचा दादा ती घरी बनवायचा. स्वयंपाकघरात! आईच्या कपड्यांच्या इस्त्रीने!

हसू नका, खरं सांगतोय. दादा वजनकाट्यांच्या कारखान्यात कामाला होता, दिवसभर तिथे तारा जोडायचा, आणि सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून काय करायचा? घरी येऊन तारा जोडायचा! लोक मासे पकडतात, पत्ते खेळतात, काही नाही तर झोपतात. हा बोर्ड बनवायचा. टाकी भरली की ओरडणारा बोर्ड, फ्रिजचं दार उघडं राहिलं की कुरकुरणारा बोर्ड. आमच्या घरात माणसं कमी बोलायची, भांडीकुंडी जास्त बोलायची. आणि त्यातलं आईला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, ही गंमत वेगळीच.

मी विचारायचो, "दादा, हे करतात कसं रे?" तर तो अगदी शांतपणे, जसं काही मला दाढी कशी करतात ते सांगतोय, तसा सांगायचा, "हे बघ, गुळगुळीत कागदावर रेघा छापायच्या. कागद तांब्याच्या पाटीवर पालथा घालायचा. वरून इस्त्री दाबून धरायची. कागदावरची शाई वितळून तांब्याला धरते. मग कागद भिजवून, चोळून काढायचा आणि पाटी या पाण्यात सोडायची. जिथे शाई नाही तिथलं तांबं हे पाणी खाऊन टाकतं, शाईखालचं राहतं. त्या राहिलेल्या रेघांतून वीज पळते. सोपं असतं रे भिंगरी, फक्त घाई नको."

भिंगरी म्हणजे मी. एका जागी टिकत नाही म्हणून. शाळेत टिकलो नाही, गॅरेजमध्ये टिकलो नाही, टायरच्या दुकानात टिकलोय कारण तिथे सगळं गोलच फिरतं. मी दादाची चेष्टा करायचो. म्हणायचो, तुला घाई नाही म्हणून तुझं लग्न राहिलं, तुला घाई नाही म्हणून तुझा चहा गार होतो, तू असा कसा रे, एकदा तरी धाव की! तर हसायचा. आणि प्रत्येक बोर्डच्या कोपऱ्यात, लोक आपलं नाव घालतात ना, तिथे हा तांब्याच्या बारीक अक्षरांत काय लिहायचा माहितीय? 'घाई नको.' हे माझ्यासाठी! वीज पळतीये एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूला हा तिला सांगतोय, सावकाश जा बाई!

आणि असा माणूस गेला कसा, तर सिग्नलला थांबलेला असताना. दिवा लाल होता म्हणून थांबला होता. पुढे रस्ता मोकळा, माणूस नाही, गाडी नाही, मी असतो तर केव्हाच सटकलो असतो! हा थांबला. पांढऱ्या रेघेच्या मागे, पाय टेकून, नीट. आणि मागून ज्याला घाई होती तो आला.

...

असो.

तर बोर्ड. तो राहिलेला बोर्ड आईसाठी होता. आमची आई वर्षानुवर्षं खोकी बनवायच्या यंत्रापाशी उभी राहिली, त्या धाडधाड आवाजात एक कान गेला आणि दुसरा जायच्या वाटेवर आहे. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ हलवावे लागतात. दाराची बेल तर तिच्या लेखी नाहीच. म्हणून दादा म्हणाला होता, "आई, तुला दिवा करून देतो. बाहेर कोणी बेल दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागेल, लुकलुक करेल." आई म्हणाली, "कर बाबा, पण माझी इस्त्री काळी करू नकोस." एवढंच. कागद छापून झाला होता, दादाने पाट्या मापात कापून ठेवल्या होत्या, दिवा हिरवा आणला होता. लाल का नाही, तर म्हणे लाल म्हणजे थांब, आपल्याला तर दार उघडायचंय.

आणि मग ती बेल वाजली. दादाच्या कारखान्यातली माणसं आली होती, सांगायला. बेल वाजवत राहिली, आणि आईला ऐकू आली नाही. सगळ्यात शेवटी कळलं ते तिला. तेव्हापासून काय झालंय, तुम्हाला सांगतो, आईने खुर्ची घेतली, दारासमोर मांडली आणि बसली. बसली ती बसली! दार उघडं ठेवते का? नाही. बंद दाराकडे बघत बसते. भाजी चिरायची तर मांडीवर, कपडे घड्या करायचे तर मांडीवर. ऊठ म्हटलं तर म्हणते, "कोणी आलं तर?" अगं, कोण येणार? तर म्हणते, "ते मला काय माहीत? मागच्या वेळीही माहीत नव्हतं."

आता यावर बोला तुम्ही काय बोलता ते.

आमचे मामा बोलले. मामांना बोलायला विषय लागत नाही. आले, बसले, डोळे पुसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून एक खोकं काढलं. "हे बघ ताई, रेडीमेड! बाजारात मिळतं. बेल वाजली की दिवा लागतो. भिंतीला लावला की झालं, काय ते डोकं खाजवत बसायचं?" आईने मामांचे ओठ वाचले, खोकं घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, उठली, कपाटात ठेवलं, कपाट लावलं आणि परत खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, "माझा मुलगा करतोय."

करतोय! मामा माझ्याकडे बघतायत, मी मामांकडे बघतोय. कोणता मुलगा? एक तर... आणि दुसऱ्याला फ्यूज बांधता येत नाही! पण आई म्हणाली करतोय. आता आई म्हणाली करतोय म्हटल्यावर कोणीतरी करत असायला नको का? मी उठलो. मामांनी माझी बाही धरली, "अरे भिंगरी, तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, "मामा, सोपं असतं. फक्त घाई नको." आणि धावत सुटलो.

दादाचं बोर्डच्या सामानाचं खोकं उघडलं. सगळ्यात वर तो कागद, गुळगुळीत, त्यावर काळ्याभोर रेघा. आणि कोपऱ्यात ती अक्षरं... उलटी! आरशात दिसावी तशी. मी म्हटलं, अरेरे, दादाकडून चुकलं! पहिल्यांदा आयुष्यात दादाकडून काही चुकलं आणि तेही मला कळलं! तुम्हाला सांगतो, त्या एवढ्या सगळ्या दुःखात मला क्षणभर बरं वाटलं हो. म्हटलं, चला, दादाची चूक आपण निस्तरू. तसाच झेरॉक्सच्या दुकानात.

झेरॉक्सवाल्याला बोलायचा कंटाळा. मी म्हटलं, "हे सरळ करून द्या." तो म्हणाला, "सरळच आहे." मी म्हटलं, "अहो, अक्षरं उलटी आहेत!" तो म्हणाला, "मग असतील उलटी." मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर घ्या आणि सरळ करा!" त्याने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, जांभई दिली आणि केलं सरळ. 'घाई नको.' कशी छान वाचता येत होती! मी म्हटलं, चार-पाच काढून द्या, मी थोडा वेंधळा आहे. खरा कागद घडी न घालता शर्टाच्या आत, पोटाशी धरून घरी आणला. तो वापरायचा नव्हता ना! इस्त्रीनंतर कागद भिजवून चोळून काढायचा असतो, लगदा होतो त्याचा. दादाने छापलेला शेवटचा कागद, त्याचा लगदा करू?

मग इस्त्री. आता इस्त्री म्हटल्यावर मला वाटलं, जितकी गरम तितकी चांगली. बटण टोकाला नेलं आणि दिला दाब, असा दिला, आम्ही जॅक मारताना देतो तसा! कागद पिवळा पडला, रेघा पसरल्या, दोन रस्त्यांचा एक हमरस्ता झाला. दादाचं काय असायचं, इस्त्री ठेवायचा आणि नुसता उभा. मी म्हणायचो झालं का, तर म्हणायचा, "होतंय." म्हणजे झालं नाही का? "होतंय." आणि वर ती शाई इस्त्रीच्या बुडाला लागली, ते मला दिसलं नाही, मी त्याच इस्त्रीने सकाळी दुकानाचा शर्ट फिरवला. दुकानात गेलो तर शेठ बघतच राहिले. "काय रे, छातीवर कसला नकाशा? हरवलास तर घरी पोचवायला का?" सगळं दुकान हसलं. मीही हसलो. आणि मग टायरला हवा भरता भरता एकदम... हवेचा आवाज फार मोठा असतो, एक बरं असतं. कोणाला ऐकू जात नाही.

दुसरी पाटी. ती इस्त्रीतून बरी निघाली. आता ते पाणी, फेरिक का काय म्हणतात ते, दादा आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओतायचा. तो डबा सापडेना. शोधायचा ना? पण शोधेल ती भिंगरी कसली! समोर स्टीलचं ताट होतं. ओतलं ताटात. पाटी सोडली. पाणी तांबं खायला लागलं, मी खूश. मग पाणी ताटही खायला लागलं! अहो, बुडबुडे काय, वास काय, ताटाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे, आणि पाटी गेली वाया! तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली. तिने बघितलं. आई बोलते ते नेहमी मोठ्याने, आपला आवाज तिला कळत नाही, त्यामुळे शेजारच्या चार घरांना कळतं. "अरे मेल्या, ताटातलं खायचं असतं रे! ताट नाही!"

आणि माझा हात धरला. बोटं बघितली. पिवळी. बराच वेळ धरून बसली हो माझा हात. मला वाटलं आता मारते. सोडला, आणि गेली परत खुर्चीत.

तिसरी पाटी मी विसरलो त्या पाण्यात. खरंच विसरलो. नुसतं उभं राहायचं असतं तिथे, डबा हळूहळू हलवत. दादा तसा उभा राहायचा, जसं काही पाळणा हलवतोय. माझ्याच्याने होईना. नुसतं उभं राहिलं की डोक्यात तो सिग्नल यायचा. म्हणून गेलो बाहेर, चाललो, चाललो, परत आलो तर सगळं तांबं गेलेलं. रेघा नाहीत, अक्षरं नाहीत, काही नाही. नुसती पाटी. कोरी. मी ती उन्हात धरली तर आरपार उजेड. मी म्हटलं, दादा, बाबा रे, सोपं आहे म्हणाला होतास ना? हे नुसतं उभं राहणं तुला सोपं कसं जायचं?

आता राहिली एक पाटी. दादाने कापलेली शेवटची. तुम्ही म्हणाल, बाजारात मिळत नाही का? मिळते की, हवी तेवढी मिळते! पण ती दादाने कापलेली नसती. कडा कानशीने घासून मऊ केलेल्या, आईच्या हाताला लागू नये म्हणून. बाजारात असली कुठे मिळते?

त्या शेवटच्या पाटीला मी घाई केली नाही. इस्त्री ठेवली, उभा राहिलो. आई दारातून ओरडली, "झालं का?" मी म्हटलं, "होतंय." ओठ नीट हलवून म्हटलं. पाण्यात सोडली, आइस्क्रीमचाच डबा, माळ्यावर होता. हलवत राहिलो. सिग्नल आला डोक्यात, येऊ दिला. हलवत राहिलो. तांबं सुटायला लागलं, रेघा उघड्या पडायला लागल्या, एकेक, जशी काही वाळलेल्या नदीतून वाट दिसावी. मी पाटी बाहेर काढली, धुतली, शाई पुसली... अशी चकाकत होती म्हणून सांगू! आणि कोपऱ्यात बघतो तर अक्षरं उलटी.

उलटी!

मग पेटली ट्यूब. अहो, दादाचा कागद बरोबर होता! कागदावर उलटं असतं म्हणूनच तांब्यावर सरळ उमटतं, शिक्क्यासारखं! पोस्टातल्या शिक्क्यावर कधी सरळ अक्षरं असतात का? हे शेंबड्या पोराला कळतं. आणि मी, दादाची चूक सुधारायला निघालो होतो! त्याने आयुष्यात कधी न केलेली चूक! आता सगळ्या रेघा उजव्याच्या डाव्या झालेल्या. तरी भोकं पाडून बघितली. तो मधला काळा किडा असतो ना, पायवाला, त्याचे पाय जिथे जायला हवेत तिथे दुसऱ्याचीच भोकं. मी किडा असा फिरवला, तसा फिरवला, दादाच्या कागदाशी पायांची ओळ लावून बघितली. नाही.

सुटे भाग विकायच्या दुकानातल्या बाई आहेत, दादा त्यांच्याकडून सगळं घ्यायचा. त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाल्या, "वाया गेला रे. नवीन कर." मी म्हटलं, "वाया?" त्या म्हणाल्या, "आरसा झालाय त्याचा. सरळ केलास म्हणून उलटा झाला." मग थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझा भाऊ कधी चुकायचा नाही." मी म्हटलं, "माहितीय हो!" असं ओरडलो मी त्या बिचाऱ्या बाईवर. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बोर्ड उचलला आणि निघालो.

दुकानात येऊन बसलो. टायरच्या दुकानात. बोर्ड हातात. मनात आलं, द्यावा हातोडा, होऊ दे तुकडे! मामांचं ते रेडीमेड खोकं कपाटात आहेच, लावावं भिंतीला, आणि आईला म्हणावं... काय म्हणावं? तुझा मुलगा नाही करत म्हणावं?

आता ऐका हं. आमच्याकडे काही काही टायर असतात, त्यांच्यावर बाण असतो. या बाजूला फिरायचं म्हणून. घाईत पोरं टायर उलटा चढवतात, बाण मागे. नवीन पोरगा असला की रडकुंडीला येतो, म्हणतो सगळा काढून परत चढवावा लागणार! शेठ म्हणतात, "गाढवा, चाक तसंच उचल आणि गाडीच्या पलीकडच्या अंगाला लाव." आणि बाण पुढे! उलटा चढलेला टायर पलीकडून सरळच असतो हो! हे मी रोज बघतो. रोज!

मी बोर्डकडे बघितलं. भाग नेहमी कुठे बसवतात? साध्या बाजूने. पाय भोकातून पलीकडे काढायचे आणि तांब्यावर कथील वितळवून झाळायचे. आणि समजा पलीकडच्या अंगाला बसवले तर? तांब्याच्याच बाजूने, तांब्यावरच उभे करून? किडा तांब्यावर धरला, पायांची ओळ लावली... दादाच्या कागदाशी तंतोतंत! बोर्ड उलटा होता ना, मग आपणही पलीकडून यायचं! शेठना मिठी मारली मी. ते म्हणाले, "अरे, ग्रीस लागेल!" म्हटलं, लागू द्या! तसाच परत बाईंच्या दुकानात. म्हटलं, "ओरडलो, चुकलं. आणि हे बघा." बाईंनी बघितलं आणि हसल्या. "बोर्डला उलट्या अंगाने हात घालणारा पहिलाच तू."

घरी येऊन झाळायला बसलो. किड्याच्या पायांखाली झाळणीचं टोक जाईना, बोटं भाजली, एक पाय तुटला, नवा किडा आणला. दिसायला बोर्ड कसा होता म्हणाल, तर दादाने बघून तोंड फिरवलं असतं. दादाचे बोर्ड म्हणजे इस्त्रीचे कपडे, आणि हा म्हणजे अंगात उलटा घातलेला सदरा, शिवणी बाहेर. पण बॅटरी लावली, बेलच्या तारा जोडल्या, दारात जाऊन बटण दाबलं आणि धावत स्वयंपाकघरात आलो... आपणच दाबायचं, आपणच बघायला धावायचं, हा माझा कारभार! तिसऱ्या धावेला दिसला. हिरवा. लुकलुक, लुकलुक.

आता तुम्हाला एक सांगतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी, कारखान्यातली माणसं बेल वाजवत होती म्हटलं ना, तेव्हा मी पोचलो होतो तिथे. दुकानात फोन आला होता, धावतच आलो होतो. ती माणसं पायरीवर मान खाली घालून उभी होती. म्हणाली, "बेल वाजवतोय, कोणी उघडत नाही." माझ्या खिशात किल्ली होती. मी खिडकीतून बघितलं. आई आत मटार सोलत बसली होती. गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं भयंकर असतं, तिला स्वतःला ऐकू येत नाही ना, सूर कुठेही जातो. एक दाणा उडाला, टेबलाखाली गेला, तर ही वाकून त्याला म्हणते, "कुठे पळतोस रे?" आणि उचलला, फुंकला, टाकला वाटीत. माझा हात खिशात, हातात किल्ली... आणि मला वाटलं, सोलू दे. एवढे मटार सोलून होऊ देत तिचे. आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच हो, मी घाई केली नाही.

...

तर दिवा लागला. आईला हाताला धरून आणली, दाखवला. ती बोर्डकडे बघत राहिली. कोपऱ्यातली अक्षरं उलटी, तिला वाचता येईनात. मग तिने स्टीलचं ताट घेतलं, तेच ते, मी खाल्लेलं, त्याचा एक कोपरा अजून चकाकतो, तो बोर्डपाशी धरला आणि त्यात बघून वाचलं. "घाई नको," म्हणाली. मोठ्याने. चार घरांना ऐकू गेलं असेल. मग ताट धुतलं, जागेवर ठेवलं, म्हणाली, "चांगला केलाय." कोणी ते म्हणाली नाही.

मला वाटलं, सुटलो! आता ही दारासमोरून उठणार! आणि उठली की, खरंच उठली. खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात नेली, दिव्यासमोर मांडली आणि बसली! आधी दाराकडे बघायची, आता दिव्याकडे बघते! एवढी इस्त्री, एवढं ताट, एवढी बोटं, आणि पदरात काय पडलं? खुर्चीचं तोंड फिरलं! मामा म्हणाले, "मी म्हणतच होतो." काय म्हणत होते ते, देव जाणे.

नाही, पण हळूहळू बरं आहे. परवा बघितलं, ती शेगडीकडे तोंड करून काहीतरी ढवळत होती. पाठ दिव्याकडे. अधूनमधून मान वळवते, पण पाठ दिव्याकडे. म्हटलं, होतंय.

माझ्याकडे किल्ली आहे, पण मी आता बेल दाबतो. दुकानातून आलो की दारात उभा राहतो, दाबतो, आणि थांबतो. आत दिवा लागलेला मला दिसत नाही, पण चपला ओढत यायचा आवाज येतो. दार उघडतं. आणि तुम्हाला सांगतो, त्या एका क्षणात तिचं तोंड जे असतं ना... तो एक क्षण माझा नसतो. मला माहितीय तो कोणाचा असतो. मग तिला मी दिसतो. "तू होय," म्हणते. मी म्हणतो, "मीच गं. दुसरं कोण येणार?"

मग खाली बघते, माझ्या बोटांकडे. मी नवीन एक करायला घेतलाय, शेठसाठी, टायरमध्ये हवा जास्त झाली की ओरडणारा, त्यामुळे बोटं परत पिवळी. आणि कपाळाला आठ्या घालून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते. हे ती फक्त दादाला ओरडायची हो, मला कधी नाही, माझे हात काळे असायचे. "कितीदा सांगितलं, ते पिवळे हात घेऊन घरात यायचं नाही! आधी धू ते!"

आणि मी तिथेच उंबऱ्यात उभा राहतो, हात मागे घेतो, आणि ओठ नीट हलवून म्हणतो... धुतो गं, आई. धुतो. घाई काय आहे?